घरी बनवलेल्या गो-कार्टचे स्टिअरिंग लिंकेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टिअरिंग लिंकेजमध्ये नेमके कोणते भाग येतात?

चालकाने स्टिअरिंग व्हील फिरवल्यापासून पुढची चाके वळेपर्यंत मधे जे काही हलते, ते सगळे लिंकेज. साध्या गो-कार्टमध्ये स्टिअरिंग व्हीलखाली एक नळी असते, ती म्हणजे कॉलम. कॉलमच्या खालच्या टोकाला जोडलेला आखूड दांडा म्हणजे पिटमन आर्म. पिटमनपासून दोन्ही बाजूंना टाय रॉड जातात आणि ते चाकाजवळच्या स्टिअरिंग आर्मला जोडलेले असतात. हा आर्म स्टब ॲक्सलला, म्हणजे पुढचे चाक ज्यावर बसते त्या आखूड ॲक्सलला, वेल्ड केलेला असतो आणि स्टब ॲक्सल किंगपिनभोवती, म्हणजे चाक वळताना ज्याभोवती फिरते त्या साधारण उभ्या पिनभोवती, फिरतो. टाय रॉडच्या टोकांना बहुधा रॉड एंड, म्हणजे आत गोळी असलेला सांधा, बसवतात. भाग मोजकेच आहेत, पण त्यांच्या लांबीपेक्षा त्यांच्यामधल्या कोनांवर कार्ट कशी वळेल हे जास्त अवलंबून असते. म्हणून या पानावरची बरीचशी उत्तरे कोनांविषयी आहेत.

दोन्ही पुढची चाके समांतर वळली तर काय बिघडते?

वळणावर चारही चाके एकाच केंद्राभोवती वर्तुळात फिरली, तरच टायर न घासता लोळतात. मागचा ॲक्सल वळत नाही, त्यामुळे हे केंद्र मागच्या ॲक्सलची रेघ बाजूला वाढवली असता त्या रेघेवरच कुठेतरी येते. आतले पुढचे चाक या केंद्राच्या जवळ असते आणि बाहेरचे लांब असते. म्हणून आतल्या चाकाने जास्त आणि बाहेरच्या चाकाने कमी वळायला हवे. दोन्ही सारखीच वळली, तर दोघांपैकी एकाला सतत आडवे घसटत जावे लागते.

माझ्या पहिल्या कार्टचे दोन्ही स्टिअरिंग आर्म मी अगदी सरळ मागे, एकमेकांना समांतर वेल्ड केले होते. सरळ रस्त्यावर काहीच जाणवले नाही. मात्र स्टिअरिंग पूर्ण फिरवून कार्ट हाताने ढकलून पाहिली, तेव्हा कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी ती अडत होती, आणि दहा-बारा फेऱ्यांनंतर पुढच्या टायरच्या कडेवर रबराच्या बारीक वळ्या जमलेल्या दिसल्या. इंजिनाची ताकद वळणावर कुठे जाते, हे त्या वळ्यांनी दाखवून दिले.

आत जास्त आणि बाहेर कमी वळवणाऱ्या या रचनेला आकरमन भूमिती म्हणतात. ती मुळात घोडागाड्यांसाठी म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी शोधली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले, त्यामुळे नाव त्यांचे चिकटले. शर्यतीच्या वेगात टायर स्वतःच थोडे आडवे सरकतात आणि तिथे हे गणित वेगळ्या पद्धतीने मांडावे लागते, पण घरी बनवलेल्या, मध्यम वेगाच्या कार्टसाठी आकरमनच्या जवळ राहणे हाच योग्य मार्ग आहे.

माझ्या कार्टसाठी चाकांचे कोन कसे काढायचे?

यासाठी दोनच मापे लागतात. एक म्हणजे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर. दुसरे म्हणजे दोन्ही किंगपिनमधले अंतर. हे दुसरे माप टायरपासून टायरपर्यंत घेण्याची चूक फार जण करतात. ते किंगपिनपासून किंगपिनपर्यंतच घ्यावे, आणि किंगपिन तिरकी असेल तर चाकाच्या मध्याच्या उंचीवर घ्यावे.

सूत्र असे आहे : बाहेरच्या चाकाच्या कोनाचा कोटँजंट उणे आतल्या चाकाच्या कोनाचा कोटँजंट बरोबर किंगपिनमधले अंतर भागिले व्हीलबेस. समजा, व्हीलबेस १२०० मिलिमीटर, किंगपिनमधले अंतर ८०० मिलिमीटर आणि आतले चाक ३० अंश वळवायचे आहे. ३० अंशांचा कोटँजंट १.७३२. त्यात ८०० भागिले १२००, म्हणजे ०.६६७ मिळवले की २.३९९ येतात, आणि तो सुमारे २२.६ अंशांचा कोटँजंट आहे. म्हणजे आतले चाक ३० अंशांवर असताना बाहेरचे २२.६ अंशांवर असायला हवे, फरक ७.४ अंशांचा. हा फरक डोळ्याला सहज दिसतो. याच मापांत वळणाचे केंद्र कार्टच्या मध्यरेषेपासून सुमारे २.४८ मीटरवर येते आणि बाहेरची किंगपिन ३.१२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते. चालवायची जागा अरुंद असेल, तर हे आकडे आधीच काढून पाहावेत, कारण फ्रेम वेल्ड झाल्यावर व्हीलबेस कमी करता येत नाही.

ज्यांना त्रिकोणमितीचा कंटाळा आहे, त्यांनी जमिनीवर खडूने पूर्ण मापात आकृती काढावी. मागच्या ॲक्सलची रेघ बाजूला लांब वाढवावी, तिच्यावर वळणाचे केंद्र ठरवावे आणि तिथून दोन्ही किंगपिनपर्यंत दोरी ताणून रेघा माराव्यात. प्रत्येक पुढचे चाक आपापल्या रेघेला काटकोनात असले पाहिजे. हेच कोन सूत्रातूनही येतात.

स्टिअरिंग आर्म मागच्या ॲक्सलच्या मध्याकडे रोखले की काम झाले, असे सांगतात. ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, पण पूर्ण नाही. वरच्याच मापांवर हा नियम लावून पाहू. किंगपिनपासून मध्यरेषा ४०० मिलिमीटर आणि मागचा ॲक्सल १२०० मिलिमीटर, म्हणजे आर्म सरळ मागच्या दिशेपासून आतल्या बाजूला १८.४ अंश झुकलेला हवा. आर्मची लांबी १०० मिलिमीटर धरली, तर त्याचे टोक किंगपिनपासून सुमारे ९५ मिलिमीटर मागे आणि ३२ मिलिमीटर आत येते. दोन्ही टोकांना जोडणारा एकच सलग टाय रॉड घेतला, तर त्याची लांबी सुमारे ७३७ मिलिमीटर होते.

आता आतले चाक ३० अंश वळवून दोन किंगपिन आणि आर्मची दोन टोके यांचा चौकोन पुन्हा मांडला, तर बाहेरचे चाक २४.७ अंशांवर जाते. हवे होते २२.६. म्हणजे नियम पाळूनही सुमारे दोन अंशांची चूक राहते. समांतर आर्मच्या मानाने ही स्थिती पुष्कळच चांगली आहे आणि अनेक कार्ट आयुष्यभर अशाच धावतात. पण याच मापांत आर्म १८.४ ऐवजी २५ अंश झुकवला आणि टाय रॉड ७१५.५ मिलिमीटरचा केला, तर ३० अंशांवर बाहेरचे चाक २२.८ अंशांवर येते आणि १५ अंशांच्या हलक्या वळणावरही चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. एवढा फायदा फक्त वेल्डिंगच्या आधी कोन बदलून मिळतो, त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

म्हणून माझा आग्रह असतो की लोखंडाला हात लावण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचा नमुना करावा. प्लायवुडच्या फळीवर दोन खिळे म्हणजे किंगपिन, पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या म्हणजे आर्म, तिसरी पट्टी म्हणजे टाय रॉड. आर्मच्या पट्टीवर चाकाची दिशा दाखवणारी रेघ मारावी. पट्टी खिळ्याभोवती फिरवून दोन्ही रेघांचे कोन कोनमापकाने मोजावेत. आर्मची दोन-तीन झुकावांची भोके पाडून पाहिली, की एका संध्याकाळी आपल्या कार्टला कोणता कोन मानवतो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

आर्म चाकाच्या मागे असावेत की पुढे?

जागा असेल तर मागे. मागे असलेले आर्म आतल्या बाजूला झुकतात, त्यामुळे ते चाकापासून लांब राहतात. आर्म पुढे ठेवले, तर आकरमन मिळवण्यासाठी ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे चाकाकडे झुकवावे लागतात आणि पुरेसा झुकाव देण्याआधीच रॉड एंड रिमला टेकतो. शिवाय समोरून धडक बसली, तर पुढचे टाय रॉड सगळ्यांत आधी वाकतात.

स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की कार्ट डावीकडे जाते. कुठे चुकले?

पिटमन आणि आर्म यांच्या दिशा जुळलेल्या नाहीत. स्टिअरिंग व्हील उजवीकडे फिरवले, की कॉलमच्या खालच्या बाजूला असलेले पिटमनचे टोक डावीकडे जाते आणि वरच्या बाजूला असलेले टोक उजवीकडे जाते. आर्म मागे असतील, तर उजवे वळण घेण्यासाठी त्यांची टोके डावीकडे सरकावी लागतात. म्हणून मागच्या आर्मबरोबर पिटमन खाली आणि पुढच्या आर्मबरोबर पिटमन वर, ही जोडी पक्की. यातले फक्त एकच बदलले, की स्टिअरिंग उलटे होते. उलट्या स्टिअरिंगची सवय होईल, असे समजून कार्ट कोणीही चालवू नये. घाबरलेल्या क्षणी हात जुन्या सवयीनेच वळतात.

एकच सलग टाय रॉड घ्यावा की पिटमनपासून दोन वेगळे?

दोन वेगळे रॉड घेतले, तर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे जुळवता येते आणि कॉलम मध्यावर असेल तर मांडणीही सुटसुटीत होते. पण एक गोष्ट इथे फार वेळा निसटते. दोन रॉड घेतले, की आकरमन केवळ आर्मच्या झुकावावर ठरत नाही. टाय रॉड आर्मला कोणत्या कोनात येऊन मिळतो, त्यावर ठरतो.

कार्ट सरळ उभी करून वरून पाहावे. आर्मच्या टोकाशी, किंगपिनकडे जाणारी रेघ आणि पिटमनकडे जाणारा टाय रॉड यांच्यामधला कोन मोजावा. मागे असलेल्या आर्मसाठी हा कोन ९० अंशांपेक्षा जितका जास्त, तितका आकरमन जास्त. पिटमनचे टोक दोन्ही आर्मच्या टोकांना जोडणाऱ्या रेघेवरच असेल, तर वरच्या उत्तरातले आकडे जवळपास तसेच लागू पडतात. पिटमन त्या रेघेच्या मागे गेला, तर कोन वाढतो आणि आकरमन वाढतो. पिटमन पुढे गेला, तर कोन कमी होतो. तो ९० वर आला की आकरमन संपतो आणि त्याखाली गेला, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त वळू लागते. आर्म अगदी नियमाप्रमाणे झुकवलेले असूनही टायर घासतात, अशी तक्रार आली की मी आधी पिटमनची जागा पाहतो. पाय आणि पेडल यांना जागा करण्यासाठी तो बऱ्याचदा पुढे ढकललेला असतो.

स्टिअरिंग व्हील किती फिरवल्यावर चाक किती वळावे?

कार्टच्या स्टिअरिंगमध्ये गिअरबॉक्स नसतो, म्हणून हे प्रमाण आर्म आणि पिटमन यांच्या लांबीवर ठरते. आर्म १०० मिलिमीटर आणि पिटमन ६० मिलिमीटर असेल, तर प्रमाण साधारण १.७ ला १ होते आणि चाके ३० अंश वळवायला स्टिअरिंग सुमारे ५० अंश फिरवावे लागते. हात न सोडता, कोपर न आपटता एवढे फिरवणे सोपे आहे. पिटमन लांब केला की स्टिअरिंग जास्त चपळ आणि जड होते. आखूड केला की हलके होते, पण तीव्र वळणावर हात एकमेकांत अडकतात. लहान मुले चालवणार असतील, तर प्रमाण २ ला १ च्या आसपास असावे आणि स्टिअरिंग व्हील ३०० मिलिमीटर व्यासाच्या खाली नसावे, असे माझे मत आहे. आर्म ७५ मिलिमीटरपेक्षा आखूड करणे मी टाळतो, कारण सांध्यातली तेवढीच ढिलाई आखूड आर्मवर जास्त अंशांची होते.

स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर अडकून बसते आणि परत येत नाही. असे का होते?

हा या पानावरचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. चाक जसजसे वळते, तसतसा आर्म आणि टाय रॉड एका सरळ रेघेत येऊ लागतात. ते पूर्ण रेघेत आले, की रॉडच्या ओढीने आर्म फिरत नाही, आणि रेघ ओलांडून पलीकडे गेले तर स्टिअरिंग उलट फिरवल्यावर चाक आणखीच वळते. पिटमन आणि टाय रॉड यांच्यामध्येही हेच घडू शकते. आपल्या उदाहरणात १८.४ अंश झुकलेला आर्म ३० अंश वळला, की रॉडशी त्याचा लघुकोन सुमारे ३९ अंश उरतो. २५ अंशांचा आर्म असेल, तर तो ३२ च्या आसपास येतो. हा कोन ३० अंशांच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. आकरमन वाढवण्याच्या नादात आर्म फार झुकवला, तर नेमकी हीच सुरक्षा हातची जाते.

म्हणून थांबा, म्हणजे चाकाला ठरलेल्या कोनावर अडवणारा लोखंडी तुकडा, लावलाच पाहिजे. तो कॉलमवर लावू नये. स्टब ॲक्सल किंवा त्याच्या ब्रॅकेटवर लावावा, कारण चाक खड्ड्यात आपटून जोराने वळले तर तो धक्का थांब्यापर्यंत थेट जावा, टाय रॉड आणि पिटमनमधून जाऊ नये.

किंगपिन उभी ठेवावी की तिरकी?

तिरकी, आणि दोन दिशांनी. बाजूने पाहिले असता किंगपिनचे वरचे टोक मागे झुकलेले असावे, हा कॅस्टर. गो-कार्टमध्ये १० ते १५ अंश कॅस्टर नेहमीचा आहे. १२ अंश कॅस्टर आणि १३० मिलिमीटर त्रिज्येचे चाक घेतले, तर किंगपिनची रेघ टायर टेकतो त्या जागेच्या सुमारे २८ मिलिमीटर पुढे जमिनीला मिळते. टायर या बिंदूच्या मागे ओढला जातो, म्हणून चाक आपोआप सरळ होऊ पाहते. कॅस्टर उलटा, म्हणजे वरचे टोक पुढे झुकलेले, असेल तर चाक कुठल्याही बाजूला पळू पाहते आणि कार्ट सरळ रेषेतही धरून ठेवावी लागते.

समोरून पाहिले असता किंगपिनचे वरचे टोक आत झुकलेले असावे, साधारण १० अंश. यामुळे किंगपिनची रेघ जमिनीवर टायरच्या मध्याच्या जवळ येते. हे अंतर जितके मोठे, तितका खड्ड्याचा झटका हातापर्यंत जास्त येतो. १३० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकावर १० अंशांचा झुकाव हे अंतर सुमारे २३ मिलिमीटरने कमी करतो. चाकाची बेअरिंग किंगपिनच्या जितक्या जवळ बसवता येईल, तितका फायदा वेगळाच.

झुकाव दिल्यावर चाक जमिनीवर उभे राहावे म्हणून स्टब ॲक्सल किंगपिनला काटकोनात न लावता त्या कोनाइतका बदलून लावावा लागतो. उजवा आणि डावा स्टब ॲक्सल एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. दोन्ही एकसारखे वेल्ड झाल्याचे मी एकदा माझ्याच हातून पाहिले आहे, आणि तेव्हापासून वेल्डिंगपूर्वी दोन्ही तुकड्यांवर 'उ' आणि 'डा' असे खडूने लिहितो.

चाके नीट वळतात, तरी कार्ट वळणावर सरळच घसरते. लिंकेज चुकले का?

बहुधा नाही. मागचा ॲक्सल सलग असेल आणि दोन्ही चाके त्याला पक्की असतील, तर वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असूनही दोन्ही सारखीच फिरतात. दोघे मिळून कार्टला सरळ ढकलतात. शर्यतीच्या कार्टमध्ये डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नसते, आणि त्यावरचा उपाय कॅस्टरमध्येच दडलेला आहे. किंगपिन मागे झुकलेली आणि चाक तिच्यापासून थोडे बाहेर असल्यामुळे स्टिअरिंग फिरवताच आतले पुढचे चाक फ्रेमच्या मानाने खाली आणि बाहेरचे वर जाते. भार आतल्या पुढच्या आणि बाहेरच्या मागच्या चाकावर येतो, आतले मागचे चाक हलके होते आणि मोकळेपणाने घसरू शकते. यासाठी फ्रेममध्ये थोडी लवचीकता आणि पुढच्या चाकांवर पुरेसे वजन लागते. आसन फार मागे असेल, तर ते थोडे पुढे आणून पाहावे. साध्या कार्टसाठी याहून सोपा उपाय म्हणजे मागच्या एकाच चाकाला चेन लावणे आणि दुसरे बेअरिंगवर मोकळे ठेवणे.

टाय रॉड किती जाड असावा?

ओढताना रॉड सहसा तुटत नाही. ढकलताना तो मधेच वाकतो. १० मिलिमीटर व्यासाचा भरीव पोलादी रॉड ३५० मिलिमीटर लांब असेल, तर तो वाकायला सैद्धांतिक हिशोबाने सुमारे ७,९०० न्यूटन बल लागते. तोच रॉड ७०० मिलिमीटर लांब घेतला, तर सुमारे २,००० न्यूटन पुरतात. लांबी दुप्पट झाली की ताकद चौथा हिस्सा उरते. हे अगदी सरळ रॉडचे आकडे आहेत. किंचित वाकलेला रॉड याच्या बराच आधी दगा देतो.

बल किती येते? चालकाने १५० मिलिमीटर त्रिज्येच्या स्टिअरिंगवर ३०० न्यूटन जोर लावला, तर ६० मिलिमीटरच्या पिटमनवर ७५० न्यूटन येतात. कठड्याला चाक आपटले, तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून दोन आखूड रॉडसाठी १० मिलिमीटर भरीव रॉड चालेल. सलग लांब रॉडसाठी १६ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २ मिलिमीटर जाडीची नळी घ्यावी. वजन जवळपास सारखेच, पण वाकण्याला विरोध चौपटीहून जास्त. वाकलेला टाय रॉड ठोकून सरळ करून पुन्हा वापरू नये.

रॉड एंड आणि बोल्ट बसवताना काय सांभाळावे?

रॉडच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे घ्यावेत. मग सांधा न सोडता रॉड फिरवून लांबी कमी-जास्त करता येते आणि लॉकनट आवळून ती पक्की करता येते. रॉड एंडचे आटे रॉडच्या आत व्यासाच्या किमान दीडपट गेलेले असावेत. एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांसाठी १२ मिलिमीटर.

बोल्ट ८.८ प्रतीचा (ही बोल्टच्या ताकदीची खूण), आट्यांशिवायचा गुळगुळीत भाग सांध्यातून जाईल एवढ्या लांबीचा आणि नायलॉन लॉकनटसह वापरावा. शक्य असेल तिथे रॉड एंड दोन पट्ट्यांच्या मध्ये धरावा. एकाच पट्टीवर बोल्ट बसवायचा असेल, तर रॉड एंडच्या मोकळ्या बाजूला त्याच्या घरापेक्षा मोठा वॉशर लावावा. आतली गोळी झिजून निसटली, तरी वॉशर रॉडला बोल्टवरून सुटू देत नाही. बोल्टचे डोके वर ठेवावे, म्हणजे नट पडला तरी बोल्ट जागीच राहतो.

रॉड एंड ठरावीक मर्यादेपर्यंतच तिरका होतो, साधारण १० ते १५ अंश. कॉलम तिरका असल्यामुळे पिटमनचे टोक फिरताना वर-खालीही जाते. दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग फिरवून सांध्याचे घर बोल्टच्या डोक्याला किंवा पट्टीला कुठे टेकत नाही ना, हे पाहावे. टेकत असेल, तर दरवेळी बोल्टला कणाकणाने वाकवत राहते, आणि असा बोल्ट एक दिवस सूचना न देता तुटतो.

रॅक अँड पिनिअन वापरू का?

वापरता येते. रॅक म्हणजे दातेरी पट्टी आणि पिनिअन म्हणजे तिला सरकवणारे छोटे दातेरी चाक. पण रॅकचा प्रवास, त्याची मध्यावरची जागा आणि टाय रॉडचे कोन हे सगळे पुन्हा जुळवावे लागते, आणि वरचा कोनाचा नियम तिथेही तसाच लागू होतो. पहिल्याच कार्टसाठी मी पिटमनच सुचवेन.

कॉलम कसा धरावा?

दोन ठिकाणी बुशमध्ये, म्हणजे आत दांडा फिरू देणाऱ्या आखूड नळीत, धरावा आणि त्या दोन ठिकाणांमध्ये जमेल तेवढे अंतर ठेवावे. तो पुढे-मागे सरकू नये म्हणून बुशच्या दोन्ही बाजूंना कॉलर हवी. धडकेत फ्रेमचा पुढचा भाग मागे आला, तर कॉलम चालकाच्या छातीकडे ढकलला जाता कामा नये. म्हणून वरच्या बुशच्या आधाराला फ्रेमपर्यंत तिरका आधारदांडा द्यावा. स्टिअरिंग व्हीलच्या मध्यावरच्या बोल्टचे टोक उघडे ठेवू नये, त्यावर जाड पॅड लावावे.

वेल्डिंगनंतर किंगपिन जाम होते. काय करावे?

वेल्डच्या उष्णतेने बुशची नळी आक्रसते आणि अंडाकृती होते. नळीत आधी थोडी जास्त जाडी ठेवून, वेल्डिंगनंतर रीमर फिरवून ती अचूक व्यासाची करावी. ब्रॅकेटचे दोन्ही कान वेल्ड करताना त्यांच्यातून एक लांब सरळ दांडा घालून ठेवावा, टाके समोरासमोर मारावेत आणि थंड होऊ द्यावे. रॉड एंड आणि ८.८ प्रतीचे बोल्ट कधीही वेल्ड करू नयेत. उष्णतेने त्यांची ताकद बदलते आणि बाहेरून तसे दिसत नाही.

टो-इन किती ठेवावे आणि कसे मोजावे?

टो-इन म्हणजे दोन्ही पुढची चाके पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणे. ते चालक आसनावर बसलेला असताना मोजावे, कारण वजनाने फ्रेम लवते. दोन्ही पुढच्या टायरवर मध्यभागी खडूची खूण करावी, ती पुढच्या बाजूला चाकाच्या मध्याच्या उंचीवर आणून दोन खुणांमधले अंतर मोजावे. मग कार्ट ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटर कमी असेल, तर कार्ट सरळ रेषेत शांत चालते. यापेक्षा जास्त टो-इन दिले, तर टायर झिजतात आणि वेगही घटतो.

पहिल्यांदा चालवण्याआधी काय तपासावे?

कार्ट जमिनीवर असताना एकाने पुढचे चाक दोन्ही हातांनी घट्ट धरावे आणि दुसऱ्याने स्टिअरिंग हळूहळू दोन्हीकडे हलवावे. पिटमनच्या आणि आर्मच्या सांध्यात प्रत्येकी अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल, तर ६० मिलिमीटरच्या पिटमनवर ती जवळजवळ एक अंश होते आणि १५० मिलिमीटर त्रिज्येच्या स्टिअरिंगच्या कडेवर अडीच मिलिमीटर. एवढी हालचाल बोटांना जाणवते. याच्या दुप्पट जाणवली, तर प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून कोणता हलतो ते शोधावे.

मग पुढची चाके उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यावे. कुठे घासते, कुठे अडते, थांब्याला दोन्ही चाके आपापल्या वेळी टेकतात का आणि रॉड रिमला किंवा ब्रेकच्या तारेला लागतो का, हे पाहावे. पूर्ण वळलेल्या चाकाला हाताने आणखी ढकलावे. लिंकेज पलीकडे उलटता कामा नये. सगळे लॉकनट आवळल्यावर नट आणि रॉड यांच्यावरून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पहिल्या दहा मिनिटांच्या फेरीनंतर कार्ट थांबवून आधी या रेघा पाहाव्यात. रेघ तुटलेली दिसली, तर तो नट फिरला आहे. तो पुन्हा आवळून, नवी रेघ ओढून, मगच दुसरी फेरी घ्यावी.